वाचकांचे प्रश्न : बीपीचा आकडा, चौदा गोळ्या आणि पाचव्या दिवसाचा ताप

या वेळी इंदूरहून आलेली पत्रं जास्त आहेत. तक्रारी निरनिराळ्या आहेत, पण वाचताना दोन गोष्टी पुन्हा पुन्हा समोर आल्या. रिपोर्टवरचा आकडा पाहून औषध वाढलं, तो आकडा कसा आला हे कुणी पाहिलं नाही. किंवा चार डॉक्टरांची औषधं एकाच शरीरात जाताहेत आणि ती सगळी एकत्र कुणीच वाचलेली नाहीत. म्हणून काही उत्तरं लांबली आहेत. डोस कमी-जास्त करण्याचा निर्णय तुमच्या डॉक्टरांसमोर बसूनच घ्या. त्यांच्यासमोर काय ठेवायचं आणि काय विचारायचं, तेवढं इथे सांगतो.

वडील ७१ वर्षांचे आहेत. दवाखान्यात बीपी १६६/९० निघालं, घरच्या मशीनवर १३४ ते १४२ येतं. बीपीचं टेल्मिसार्टन ४० चं ८० झालं, अ‍ॅम्लोडिपिन ५ आधीपासून आहे. प्रोस्टेटसाठी रात्री टॅमसुलोसिन घेतात. आता सकाळी उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, एकदा न्हाणीघराच्या दाराशी तोलही गेला. खरा आकडा कोणता धरायचा? — एक वाचक, सुदामानगर

घरचा, पण तो नीट घेतलेला असेल तरच. जिना चढून आल्या आल्या खुर्चीत बसवून पट्टा बांधला की वरचा आकडा १५-२० ने सहज चढतो. काहींचा तर डॉक्टर समोर आले की चढतो. याच्या उलटही घडतं, म्हणजे दवाखान्यात बरोबर आणि घरी जास्त. ते अधिक धोक्याचं, कारण तिथे उपचारच सुरू होत नाहीत.

मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू आणि व्यायाम नको. लघवी करून या. खुर्चीत पाठ टेकून बसा, दोन्ही पावलं जमिनीवर ठेवा, पायावर पाय नको. पाच मिनिटं गप्प बसा. या वेळात मोबाइलही नको. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या घडीच्या दोन बोटं वर बांधायचा. बाही गुंडाळून वर चढवली तर तीच दंडाला आवळते, म्हणून हात बाहीतून बाहेर काढा. हात टेबलावर असा टेकवा की पट्टा छातीच्या मध्याच्या पातळीत येईल. सगळ्यात जास्त चूक इथे होते. २०२४ मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी हेच मोजून पाहिलं. हात मांडीवर ठेवला तर वरचा आकडा सुमारे ४ ने, आणि बाजूला लोंबता ठेवला तर सुमारे साडेसहाने जास्त आला. एवढ्या फरकात माणूस एका गोळीवरून दोन गोळ्यांवर जातो.

पट्ट्याचं मापही पाहा. दंडाच्या मध्यावर टेप धरून घेर मोजा आणि पट्ट्यावर छापलेल्या सेंटिमीटरशी ताडून पाहा. दंड जाड आणि पट्टा लहान असेल तर आकडा खोटा वाढतो. मनगटावरचं मशीन शक्यतो नको. पहिल्या दिवशी दोन्ही हातांवर मोजा आणि ज्या हातावर जास्त येईल तोच पुढे कायम धरा.

आता नोंद. सात दिवस, सकाळी औषध घेण्याआधी आणि संध्याकाळी जेवणाआधी, प्रत्येक वेळी एका मिनिटाच्या अंतराने दोनदा. पहिला दिवस सोडून द्या, उरलेल्या २४ आकड्यांची सरासरी काढा. घरच्या सरासरीत १३५/८५ ही सीमा धरतात, दवाखान्यातली १४०/९० नव्हे. मशीनवर अनियमित ठोक्याची खूण वारंवार दिसत असेल तर ईसीजी काढून घ्या. तशा नाडीत या मशीनचे आकडे फसवतात.

वडिलांच्या बाबतीत मात्र याहून तातडीचं मोजमाप उभं राहून घ्यायचं आहे. पाच मिनिटं आडवं झोपवून बीपी घ्या, मग उभं करून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला घ्या. या वेळी दुसरं कुणी शेजारी धरायला हवं. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर अंधारीचं कारण सापडलं. टॅमसुलोसिनमुळे उभं राहताना बीपी उतरू शकतं, त्यात टेल्मिसार्टन दुप्पट झालं. मे महिन्यातल्या उकाड्यात पाणी कमी पडलं तर आणखी भर पडते. हे आकडे घेऊन याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. तोवर उठताना आधी कुशीवर वळावं, मिनिटभर पलंगाच्या कडेला पाय सोडून बसावं आणि मगच उभं राहावं.

‘बीपी १२० च्या खाली हवं’ असं बऱ्याच जणांनी वाचलेलं असतं. ते २०१५ मधल्या ‘स्प्रिंट’ या अभ्यासावरून आलं. ९,३६१ रुग्णांत १४० पेक्षा १२० चं लक्ष्य ठेवल्याने हृदयविकार, पक्षाघात अशा घटना सुमारे एक चतुर्थांशाने घटल्या. निष्कर्ष मोलाचा आहे. पण तिथे बीपी पाच मिनिटं शांत बसवून, स्वयंचलित मशीनवर, तीनदा घेतलं होतं. मधुमेही आणि पूर्वी पक्षाघात झालेले रुग्ण त्यात नव्हते. उभं राहिल्यावर ज्यांचा वरचा आकडा ११० च्या खाली जात होता त्यांनाही घेतलं नव्हतं. कमी लक्ष्याच्या गटात चक्कर येऊन शुद्ध हरपणं आणि मूत्रपिंडाला इजा होणं जास्त दिसलं. म्हणून घाईत घेतलेल्या आकड्याला १२० चं लक्ष्य लावणं चूक, आणि उभं राहताना तोल जाणाऱ्या माणसाला ते लावणं दुहेरी चूक.

घरात कमी सोडियमचं मीठ आणलं आहे. माझं बीपी आहे, पत्नीला टेल्मिसार्टन आणि स्पायरोनोलॅक्टोन चालू आहे, तिचं क्रिअ‍ॅटिनिन १.४ (मूत्रपिंडाची तपासणी). दोघांना चालेल ना? सैंधव कसं? — लोकमान्यनगर

तुमचं मूत्रपिंड ठीक असेल आणि पोटॅशियम वाढवणारं औषध चालू नसेल तर तुम्हाला चालेल. पत्नींना नको. आणि स्वयंपाक एकाच भांड्यात होत असेल तर घरात नकोच.

या मिठात सोडियमचा काही भाग काढून तिथे पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. पाकिटाच्या मागे प्रमाण छापलेलं असतं. चीनमधल्या ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर याचा मोठा अभ्यास झाला, निष्कर्ष २०२१ मध्ये आले. २५ टक्के पोटॅशियम क्लोराइड असलेल्या मिठाने पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी झाला. जागतिक आरोग्य संघटनेनेही जानेवारी २०२५ मध्ये अशा मिठाची शिफारस केली, पण मूत्रपिंड दुबळं असलेल्यांना आणि शरीरातून पोटॅशियम नीट बाहेर जात नाही अशांना स्पष्ट वगळलं. चिनी अभ्यासातही स्पायरोनोलॅक्टोनसारखी औषधं घेणारे नव्हते. तुमच्या पत्नींचं क्रिअ‍ॅटिनिन वाढलेलं, त्यात पोटॅशियम धरून ठेवणारी दोन औषधं, त्यावर रोज जेवणातून आणखी पोटॅशियम. हृदयाचा ठोका बिघडायला एवढं पुरतं, आणि आधी काही लक्षण जाणवेलच असं नाही.

त्यांचं पोटॅशियम आता तपासा. ही औषधं सुरू केल्यावर किंवा वाढवल्यावर एक-दोन आठवड्यांत ते पाहायचंच असतं. ५.५ च्या वर आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. रक्त काढताना मूठ पुन्हा पुन्हा आवळली किंवा नमुना लॅबमध्ये उशिरा पोचला तर पोटॅशियम खोटं वाढलेलं दिसतं. म्हणून डॉक्टर पुन्हा नमुना मागतील, तो टाळू नका.

सैंधव म्हणजे बहुतांशी सोडियम क्लोराइडच. बीपीसाठी त्याचा वेगळा फायदा नाही. दिवसाला एकूण पाच ग्रॅम, म्हणजे साधारण चहाचा एक सपाट चमचा मीठ ही मर्यादा. आपल्या इंदुरात ती सकाळच्या पोह्यांवरच बरीच खर्च होते. पोह्यांत मीठ, वरून सेव, त्यावर काळं मीठ घातलेलं जिरावण. सेव आणि जिरावण गाळले तर त्यातलं बरंच मीठ वाचेल.

सासूबाई ७८ वर्षांच्या. चार डॉक्टरांच्या मिळून चौदा गोळ्या: पॅन्टोप्राझोल-लेव्होसल्पिराइड, थायरॉक्सिन, मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड, अ‍ॅम्लोडिपिन १०, फ्युरोसेमाइड, अ‍ॅस्पिरिन ७५, रोसुव्हास्टॅटिन, कॅल्शियम, लोह, बीटाहिस्टिन, प्रोक्लोरपेराझिन, क्लोनाझेपाम, गुडघ्यांसाठी डायक्लोफेनॅक. एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी) ६.४ आहे. हृदयविकार किंवा पक्षाघात कधी झालेला नाही. दोन महिन्यांपासून हात थरथरतो, पाऊल बारीक पडतं. पार्किन्सन असेल, पंधरावी गोळी सुरू करू असं सांगितलंय. — एक सून, राजेंद्रनगर

पंधरावी गोळी सुरू होण्याआधी ही यादी वाचली जायला हवी. तुम्ही ती पूर्ण लिहून पाठवलीत हे फार चांगलं केलंत.

लेव्होसल्पिराइड आणि प्रोक्लोरपेराझिन ही दोन्ही औषधं मेंदूतल्या डोपामिनचं काम अडवतात. उतारवयात त्यांनी हुबेहूब पार्किन्सनसारखी लक्षणं येतात: थरथर, ताठरपणा, मंद चाल. लेव्होसल्पिराइड बहुतेक वेळा गॅसच्या गोळीत जोडीने येतं, त्यामुळे घरच्यांना ती साधी अ‍ॅसिडिटीची गोळी वाटते. पट्टीच्या मागची बारीक अक्षरं वाचा. चक्करेसाठी दिलं जाणारं सिनारिझिन आणि मायग्रेनसाठीचं फ्लुनारिझिन हेही याच जातीचे. लेव्होसल्पिराइड आणि प्रोक्लोरपेराझिन बंद करता येतील का, हा डॉक्टरांना विचारायचा पहिला प्रश्न. बंद केल्यावर सुधारणा काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत कधीही दिसू शकते, म्हणून आठ दिवसांत निराश होऊ नका. लक्षणं तरीही राहिली तर न्यूरॉलॉजिस्टकडे जाणं योग्यच.

आता यादीतली साखळी पाहा. अ‍ॅम्लोडिपिन १० ने अनेकांचे घोटे सुजतात. सूज पाहून फ्युरोसेमाइड आलं. ही सूज पाणी साठल्याची नसते, त्यामुळे लघवीच्या गोळीने ती फारशी हटत नाही. उलट मीठ-पाणी कमी होऊन चक्कर येते. चक्करेवर बीटाहिस्टिन, मग प्रोक्लोरपेराझिन, आणि त्यातून थरथर. प्रत्येक डॉक्टरांनी समोर दिसलेल्या तक्रारीवर औषध दिलं. चूक कुणा एकाची नाही, पण एकत्र पाहणारं कुणी नव्हतं. अ‍ॅम्लोडिपिन कमी करून बीपीचं दुसरं औषध बसवता आलं तर मागच्या दोन-तीन गोळ्या आपोआप अनावश्यक ठरू शकतात.

डायक्लोफेनॅक या यादीत मला सगळ्यात जास्त खटकतं. लघवीच्या गोळीबरोबर ते मूत्रपिंडावर भार टाकतं, अ‍ॅस्पिरिनबरोबर पोटात रक्तस्राव करवतं आणि बीपीही वाढवतं. गुडघ्यांसाठी वरून लावायचं जेल, मांडीच्या स्नायूंचा व्यायाम आणि गरजेला पॅरासिटामोल हे आधी. अ‍ॅस्पिरिनचा पाया २०१८ मधल्या ‘अ‍ॅस्प्री’ अभ्यासाने बराच हलवला. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतल्या १९,११४ निरोगी ज्येष्ठांत रोज १०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिनने अपंगत्वाशिवायचं आयुष्य वाढलं नाही, मोठे रक्तस्राव मात्र वाढले. सासूबाईंना हृदयविकार किंवा पक्षाघात झालेला नाही, म्हणून हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. ज्यांना स्टेंट बसवला आहे किंवा झटका येऊन गेला आहे, त्यांनी हे वाचून अ‍ॅस्पिरिन थांबवू नये.

एचबीए१सी ६.४ पाहून घरात आनंद असेल. पण ७८ व्या वर्षी ग्लिमेपिराइडवर हा आकडा धोक्याचा वाटतो. जेवण थोडं उशिरा झालं की साखर उतरते, माणूस गोंधळतो, पडतो आणि खुबा मोडतो. या वयात, इतक्या दुखण्यांत साडेसात-आठपर्यंतचा आकडा चालतो. ग्लिमेपिराइड कमी करता येईल का, हा दुसरा प्रश्न.

थायरॉक्सिन उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर, चहाच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायचं. कॅल्शियम आणि लोह त्यानंतर किमान चार तासांनी. एकाच मुठीत सगळ्या गोळ्या घेतल्या तर थायरॉक्सिन पोटातच अडकतं, थायरॉइडच्या तपासणीतला टीएसएच वाढतो आणि डोस उगाच वाढवला जातो.

कमी करण्याची रीतही सांगतो. एका वेळी एकच औषध बदलायचं, मध्ये एक-दोन आठवडे जाऊ द्यायचे, वहीत तारीख टाकून झोप, चाल, बीपी आणि साखर लिहायची. क्लोनाझेपाम हे झोपेचं औषध एकदम कधीच बंद करायचं नाही. दर दोन आठवड्यांनी साधारण चौथा हिस्सा कमी, शेवटचा टप्पा आणखी सावकाश. बीटा-ब्लॉकर, स्टेरॉइड आणि फिट्सची औषधंही अशी झटक्यात थांबवत नाहीत.

हे सगळं एकाच माणसाने हाती घ्यायला हवं: तुमच्या जवळचे एम.डी. मेडिसिन, नाहीतर एमवाय या सरकारी रुग्णालयाची मेडिसिन ओपीडी. जाताना कागद नेऊ नका, पिशवी न्या. घरातल्या सगळ्या पट्ट्या, डोळ्यांचे थेंब, काढे, चूर्णं, मेडिकलमधून स्वतः आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या, सगळं. काचबिंदूचे टिमोलोल थेंब औषध म्हणून कुणी सांगत नाही, पण ते नाडी मंद करतात.

आजच्या इंटर्नल मेडिसिनची मोठी अडचण इथेच आहे. औषधांच्या चाचण्या बहुधा एका आजारावर होतात, आणि वय जास्त, मूत्रपिंड दुबळं, सात-आठ औषधं चालू असलेल्या रुग्णांना त्यांत घेतलंच जात नाही. दवाखान्यात मात्र तेच रुग्ण येतात. पाच आजारांच्या पाच मार्गदर्शिका अचूक पाळल्या तरी त्यांची बेरीज रुग्णाला झेपेलच असं नाही. उतारवयात कोणती औषधं टाळावीत याच्या याद्या आता आहेत. अमेरिकेतल्या ‘बिअर्स’ निकषांची आणि युरोपातल्या ‘स्टॉप’ निकषांची सुधारित आवृत्ती २०२३ मध्ये आली. त्यांचा उपयोग करायला डॉक्टरांना एका रुग्णासाठी अर्धा तास लागतो. तो अर्धा तास मागून घ्या, वेगळी वेळ ठरवून जा.

वय ४३. एचबीए१सी ८.४ आलं, पण घरी उपाशीपोटी ११० ते ११८ आणि जेवणानंतर १५० च्या आसपास. हिमोग्लोबिन ८.९, एमसीव्ही (लाल पेशींचा आकार) ६६, पाळीत रक्तस्राव खूप. गोळ्या वाढवू का? — नंदानगर

अजून नको. ८.४ म्हणजे गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर साधारण १९४ असायला हवी. सूत्र असं: २८.७ गुणिले एचबीए१सी, त्यातून ४६.७ वजा. तुमचे घरचे आकडे त्याच्या जवळपासही नाहीत. शिवाय हिमोग्लोबिन कमी असलं की ग्लुकोमीटर खरी साखर असते त्यापेक्षा थोडी जास्तच दाखवतो, म्हणजे तफावत आणखी मोठी.

लोहाच्या कमतरतेत एचबीए१सी खोटं वाढलेलं दिसतं. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासा, लोह सुरू करा आणि रक्तस्रावाचं कारण स्त्रीरोगतज्ज्ञांकडून शोधून घ्या. हिमोग्लोबिन भरून आल्यावर तीन महिन्यांनी एचबीए१सी पुन्हा करा. तोवर आठवड्यातून दोन दिवस रोज सात वेळा मोजा: तिन्ही जेवणांआधी, तिन्ही जेवणांनंतर दोन तासांनी आणि झोपताना. बोट टोचण्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे करा, फळाचा रस लागलेल्या बोटावर आकडा वेडावाकडा येतो. फ्रुक्टोसामिन ही तपासणी दोन-तीन आठवड्यांची साखर सांगते आणि हिमोग्लोबिनवर अवलंबून नसते.

लोह देऊनही एमसीव्ही वर येत नसेल तर थॅलसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराची वाहक अवस्था पाहावी; सिंधी कुटुंबांत ती बरीच आढळते. झाबुआ, अलिराजपूर, बडवानी या पट्ट्यात सिकलसेल आहे, आणि तिथे काही पद्धतींनी एचबीए१सी चुकीचं, बहुधा कमी येतं.

मधुमेहासाठी डॅपाग्लिफ्लोझिन १० घेते. नवरात्रात नऊ दिवस उपास असतो, तेव्हाही घ्यायचं का? — रामबाग

भगर, बटाटा, दूध असं दोन-तीन वेळा नीट खाणार असाल तर डॉक्टरांना विचारून चालू ठेवता येतं. निव्वळ पाण्यावर किंवा एका फळावर राहणार असाल तर नाही.

या गोळीने मूत्रपिंडातून रोज कितीतरी ग्रॅम साखर लघवीवाटे जाते. २०१९ आणि २०२० मधल्या अभ्यासांत, मधुमेह नसलेल्यांतही, हृदय दुबळं असेल किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर तिने मोठा फायदा दाखवला. अलीकडच्या काळातल्या सगळ्यात कामाच्या औषधांत मी तिला धरतो. पण पोटात अन्न नसताना शरीर चरबी जाळतं, त्यातून तयार होणारे कीटोन वाढतात आणि रक्त आम्लधर्मी होतं. फसवं असं की या वेळी साखर २०० च्या आतही असू शकते, त्यामुळे कॅज्युअल्टीत निदान निसटतं. मळमळ, पोटदुखी, धाप, कमालीचा थकवा यांतलं काही झालं तर ‘मी ही गोळी घेते, कीटोन तपासा’ असं स्वतः सांगा. कडक उपास किंवा ठरलेली शस्त्रक्रिया असेल तर तीन दिवस आधी थांबवतात. उलट्या-जुलाब लागले तर त्याच दिवशी. नेहमीसारखं जेवण सुरू झालं की पुन्हा घ्यायची. इन्सुलिन मात्र स्वतःहून बंद करायचं नाही.

सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर ग्रेड २’. वय ४८, लिव्हरच्या तपासण्यांत एसजीओटी ४०, एसजीपीटी ६४, प्लेटलेट २ लाख. लिव्हरचं टॉनिक घेऊ का? गुळवेलीचा रस रोज घेतो. — महू

सोनोग्राफीचा ग्रेड चरबी सांगतो. पुढे काय होणार हे चरबीवर कमी आणि लिव्हरमध्ये पडलेल्या घट्ट वणांवर, म्हणजे फायब्रोसिसवर जास्त ठरतं. त्याचा पहिला अंदाज ‘फिब-४’ ने घरीच निघतो. वय गुणिले एसजीओटी. त्याला प्लेटलेट (हजारांत) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ याने भागायचं. तुमचं: ४८ × ४० = १९२०; ६४ चं वर्गमूळ ८, २०० × ८ = १६००; भागाकार १.२. तो १.३ च्या खाली आहे, म्हणजे सध्या मोठा धोका दिसत नाही. १.३ ते २.६७ मध्ये फायब्रोस्कॅन (लिव्हरचा घट्टपणा मोजणारी तपासणी) करावा, २.६७ च्या वर असेल तर लिव्हरच्या डॉक्टरांना भेटावं. पासष्टीनंतर खालची सीमा २ धरतात. तुम्हाला मधुमेह किंवा लठ्ठपणा असेल तर दर वर्षा-दोन वर्षांनी हे पुन्हा मोजा.

वजन ७ ते १० टक्के उतरवणं हा आजही सगळ्यात भक्कम उपाय. ८० किलोच्या माणसाला ६ ते ८ किलो, सहा-आठ महिन्यांत. अमेरिकेत या आजाराच्या पुढच्या अवस्थेसाठी मार्च २०२४ मध्ये रेस्मेटिरोमला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सेमाग्लुटाइडला मान्यता मिळाली, पण ती फायब्रोसिस झालेल्यांसाठी. तुमच्या आकड्यांवर त्यांची गरज दिसत नाही. टॉनिकचा पैसा वाचवा. दारू नको. आणि गुळवेल थांबवा: कोविडच्या काळात तिच्या सेवनानंतर लिव्हरला सूज आल्याचे रुग्ण भारतातल्या डॉक्टरांनी नोंदवले आहेत.

मुलगा २४ वर्षांचा, पाच दिवस १०३ ताप. तिसऱ्या दिवशी विडाल (टायफॉइडची रक्ततपासणी) १:१६०, टायफॉइड म्हणून सेफिक्सिम-ऑफ्लॉक्सासिन सुरू. प्लेटलेट १ लाख १० हजार. ताप हटत नाही. — देवास

पत्र छापून येईपर्यंत हा ताप गेलेला असो. पण भाद्रपदात असली पत्रं दरवर्षी येतात, म्हणून उत्तर देतो.

तिसऱ्या दिवशीच्या एका विडालवर टायफॉइड ठरत नाही. आपल्या भागात निरोगी माणसाच्या रक्तातही जुन्या संसर्गाच्या खुणा असतात, आणि खरी वाढ दुसऱ्या आठवड्यात दिसते. नेमकं निदान ब्लड कल्चरने, म्हणजे रक्तातला जंतू वाढवून पाहण्याने, होतं, आणि ते पहिल्या अँटिबायोटिकच्या आधी घ्यायचं. मोठ्या माणसात एका बाटलीत ८ ते १० मिलिलिटर रक्त, शक्यतो दोन ठिकाणांहून. दोन मिलिलिटरवर केलेलं कल्चर निगेटिव्ह आलं तर त्याला अर्थ नाही. ऑफ्लॉक्सासिनच्या गटाला इथला टायफॉइडचा जंतू बहुतांशी दाद देत नाही, म्हणून ही जोडगोळी मला पटत नाही. योग्य औषधानेही टायफॉइडचा ताप उतरायला चार-पाच दिवस लागतात. दुसऱ्याच दिवशी औषध बदलणं हेही नुकसानीचंच.

कमी प्लेटलेट पाहता डेंग्यू, मलेरिया आणि स्क्रब टायफस आधी पाहायला हवेत. डेंग्यूची एनएस१ तपासणी पहिल्या पाच दिवसांत, आयजीएम तपासणी त्यानंतर. डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाचे २४ ते ४८ तास जपायचे असतात: पोट दुखणं, सततच्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, सुस्ती, लघवी कमी होणं यांतलं काहीही दिसलं तर लगेच भरती. प्लेटलेटच्या आकड्याबरोबर हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) वाढतोय का ते पाहा. रक्तस्राव नसेल तर दहा हजारांच्या वर प्लेटलेट चढवण्याची गरज सहसा नसते. तापाला फक्त पॅरासिटामोल; आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन नको.

स्क्रब टायफस पावसाळ्यात आणि त्यानंतर गवतातल्या बारीक किड्यांच्या चावण्याने होतो. मुलाला उघडं करून काखा, जांघ, कमरेचा पट्टा बांधायची जागा आणि गुडघ्यामागचा भाग उजेडात पाहा. बिडीने चटका दिल्यासारखी काळी, न दुखणारी खपली दिसली तर निदान जवळजवळ झालं. ती प्रत्येकात नसते, म्हणून नाही दिसली तरी शंका सोडू नका. उपचार डॉक्सिसायक्लिनचा, १०० मिलिग्रॅम दोनदा. बहुधा दोन दिवसांत ताप उतरतो. सेफिक्सिमचा इथे काही उपयोग नाही. गंभीर रुग्णांवर भारतातच एक मोठा अभ्यास झाला, तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. शिरेतून डॉक्सिसायक्लिन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन एकत्र दिल्याने एकेकटं देण्यापेक्षा रुग्ण जास्त सावरले.

आणि मेडिकलमधून आणलेल्या पट्टीवर उभी लाल रेघ असेल तर ती चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही. पहिल्या दिवशी घेतलेली एक अ‍ॅझिथ्रोमायसिन कल्चर बिघडवते आणि पुढे चार दिवस डॉक्टरांना अंदाजावर उपचार करावे लागतात.

आई तीन वर्षांपासून दर आठवड्याला व्हिटॅमिन डीची ६० हजार युनिटची पुडी घेते. चालेल? — एक वाचक, इंदूर

नाही. हा डोस कमतरतेसाठी साधारण आठ आठवडे, मग महिन्यातून एकदा किंवा रोजचा लहान डोस. आज पुडी थांबवा आणि कॅल्शियम, क्रिअ‍ॅटिनिन, व्हिटॅमिन डी या तीन तपासण्या करा. बद्धकोष्ठ, सारखी तहान, मळमळ किंवा गोंधळल्यासारखं होत असेल तर आजच डॉक्टरांकडे न्या. रक्तातलं कॅल्शियम वाढलं की मूत्रपिंडावर येतं. हे व्हिटॅमिन चरबीत साठतं, त्यामुळे पुडी बंद केल्यावरही परिणाम काही आठवडे राहू शकतो आणि कॅल्शियम पुन्हा तपासावं लागतं. सोबत कॅल्शियमच्या गोळ्या चालू असतील तर रिपोर्ट येईपर्यंत त्याही बाजूला ठेवा.